लाइन चालाच लागते

घरातलं गॅसचं सिलिंडर काकाजी रोज सकाळी हातोड्यानं ठोकून बघत. आत किती गॅस उरला हे कळावं म्हणून नव्हे. ते पक्कं उभं आहे की डुलतंय, एवढंच त्यांना पाहायचं असे. सिलिंडर झालं की अंगणातलं पपईचं झाड, मग न्हाणीचं दार, मग माझ्या खोलीकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्याच्या पायऱ्या. मान तिरकी, डोळे मिटलेले आणि ठक्. मग निकाल यायचा, "टाइट हाय," नाहीतर "ढिला हाय." जिन्याचा एक नट दर आठवड्याला ढिला निघायचा आणि ते दर आठवड्याला तो आवळायचे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, बदलूनच टाका ना तो." तर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच बदलायला सांगितलं होतं.

वरठीच्या एका खाजगी शाळेत मी शिकवायला आले तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. खाली ते आणि काकू. एकुलती एक मुलगी लग्न होऊन रायपूरला. ते रेल्वेत चाबीवाले होते. गाड्यांच्या हादऱ्यानं रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्या सैल होतात. खांद्यावर झोळी, हातात लांब दांड्याचा हातोडा घेऊन रोज लाइनीनं चालत जायचं आणि एकेक चाबी ठोकून पक्की करायची, हे त्यांचं काम. जायचं तेही पायी, यायचं तेही पायी. चौतीस वर्षं. नोकरी संपली, पण चाल सुटली नाही. रुळांखालच्या दोन स्लीपरांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच त्यांचं पाऊल पडे. बाजारात निघाले की रस्त्याच्या मधोमध, खाली बघत, एकदा डावीकडची कड, एकदा उजवीकडची. मागून ऑटोवाले शिव्या देत. काकू त्यांच्यासोबत बाजारात जाणं टाळायच्या.

रोज एका वहीत ते रिपोर्ट लिहीत. "लाइन पाहिली. सर्व ठीक." खाली सही. निवृत्तीनंतरही.

"कोनाले पाठवता जी थो रिपोट?" काकू विचारत.

"कोनालेच नाही. पाह्यलं तं लिहा लागते."

माणसांनाही ते लाइनीच्या हिशेबानं ओळखत. आमचे मुख्याध्यापक म्हणजे लूपलाइनवरची मालगाडी, सगळ्यांना पुढे जाऊ देणारे. मी पॅसेंजर. "उशिरा येता, पन येता," असं माझं कौतुक होतं.

लॉकडाउन लागला आणि प्रवासी गाड्या बंद झाल्या. आमच्या घरापासून स्टेशन जवळ. गाड्यांचा आवाज इतका सवयीचा की थांबल्यावर कान दुखल्यासारखे झाले. मधूनच एखादी मालगाडी जायची, तेवढीच. पहिल्या दिवशी काकाजी पहाटे चालायला निघाले तर नाक्यावरच्या पोलिसानं त्यांना परत पाठवलं. ते परत आले, फाटक लावलं, हातोडा घेतला आणि अंगणात चालू लागले. फाटकापासून विहिरीपर्यंत बावन्न पावलं. विहिरीला वळसा, परत बावन्न. उन्हं वर येईपर्यंत हेच.

रायपूरहून मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आला.

"बाबा, टीव्हीवर सांगून राहिले, म्हाताऱ्या माणसाले जास्त धोका हाय. घरात बसा."

"घरातच हावो. बसलो नाही."

गल्लीतले लोक गच्चीवरून मजा बघत. शेजारचे निवृत्त बाबू एक दिवस वरूनच ओरडले, "अजी, आता तं गाड्याई बंद हायेत. कोनासाठी चालून राहिले?"

काकाजी न थांबता म्हणाले, "गाडी येवो का न येवो. लाइन चालाच लागते."

मीही हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

महिनाभरानं माझे वडील गेले. हार्टअटॅक. आमचं गाव पुसदच्या पुढे, मध्ये तीन जिल्हे. गावी जायच्या पाससाठी मी मोबाइलवरून अर्ज केला. "प्रलंबित" एवढा एक शब्द दिसत राहिला. भावानं व्हिडिओ कॉल लावून दिला. चित्र अडकत होतं. बाबांच्या पायाचे अंगठे बांधलेले दिसले, मग आईचा पदर, मग कोणाच्या तरी शर्टाचं बटण बराच वेळ. मग कॉल कटला. पुन्हा लागला तेव्हा सगळे परत निघाले होते.

त्यानंतर मी गादीवर पडले ती पडलेच. रडूही येईना. शाळेच्या ऑनलाइन तासांचे मेसेज येत, मी फोन उलटा करून ठेवी. केस विंचरले नाहीत, अंघोळ केली नाही. काकू दाराशी ताट ठेवून जात. संध्याकाळी ते तसंच उचलून नेत. वर पत्रा होता. वैशाखात ती खोली भट्टीसारखी तापे आणि मला उठून पंखा लावायचासुद्धा कंटाळा येई. त्या दिवसांत जे मनात येत होतं, ते मी अजूनही पूर्ण कोणाला सांगितलेलं नाही. आपण नसलो तर कोणाचं काही अडणार नाही, इथपर्यंत मी पोचले होते.

पाचव्या की सहाव्या दिवशी दारावर हातोडा वाजला. ठक्.

मी कूस बदलली. पुन्हा ठक्.

"बाई."

"मले एकटं राहू द्या!" मी ओरडले. शाळेत मी कधी गावची बोली येऊ देत नसे. त्या दिवशी आली.

बाहेर हातोडा जमिनीला टेकल्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, "काकूचा घुडगा धरला. मोटर जळली, दुकानं बंद हायेत. इहिरीचं पानी ओढाले मानूस पायजे. माह्यानं एकट्यानं पुरत नाही."

माझ्या दुःखाबद्दल एक शब्द नाही. वडिलांचं नाव नाही. मला इतका राग आला की त्या रागानंच मी उठले. दार उघडून, तशीच विस्कटलेल्या केसांनी जिना उतरले, दोर हातात घेतला आणि सात बादल्या ओढल्या.  काकूंनी समोर भाकर आणि आंब्याचं रायतं ठेवलं. मी खाल्लं. काकूंचा गुडघा खरंच दुखत होता की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. मोटर मात्र जळलेली नव्हती. दोन महिन्यांनी एक दिवस काकूंनी बटण दाबलं आणि ती सुरू झाली. तोवर मला पाणी ओढायची सवय लागून गेली होती.

पाण्यानंतर चालणं आलं. "तुमी डाउन लाइन," ते म्हणाले. म्हणजे ते फाटकाकडून विहिरीकडे निघाले की मी विहिरीकडून फाटकाकडे निघायचं. मध्ये पपईपाशी आमची गाठ पडे. बोलणं नाही. पहिल्या दिवशी मी वीस फेऱ्यांत दमले. तिसऱ्या दिवशी रात्री झोप लागली, खरी झोप, बऱ्याच दिवसांनी. कधीतरी त्याच आठवड्यात चालता चालता माझा बांध फुटला. मी थांबले, पदर तोंडावर घेतला. समोरून त्यांचं पाऊल आलं.

"थांबू नोका. चालत चालत रडा."

चालत चालत रडता येतं हे मला माहीत नव्हतं. येतं. विहिरीपर्यंत रडायचं, वळसा घ्यायचा, फाटकापर्यंत रडायचं. गच्चीवरून बाबू बघत होते. काकाजींनी वर मान केली आणि हातोडा नुसता उंच धरला. बाबू आत गेले.

एकदा मी त्यांना विचारलं, की काकाजी, तुम्हाला कसं कळलं मला उठवायचं ते? ते चालतच राहिले. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला पपईपाशी आले तेव्हा म्हणाले, "लाइनीच्या बाजूले एक मानूस बसून होता. धुऱ्यावर. सकाळची वेळ. मले वाटलं, हवा खाऊन राहिला. मी रामराम केला. त्यानंई केला. मी पुढे गेलो, चाब्या ठोकत. वापस आलो तं..."

ते पुढे गेले. मी फाटकाला वळसा घालून परत आले, तेव्हा पपईपाशी ते थांबले होते. मी त्यांना मध्येच थांबलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"रामराम करून पुढे जायाले नाही पायजे होतं. त्याले म्हनाले पायजे होतं, चाल बे, झोळी धर माही. त्याच्यानंतर बहुत जन भेटले तसे. एकालेई बसू नाही देल्लं. कोनाले झोळी धराले लावली, कोनाले झेंडी. एक तं मले शिव्या देत देत दुसऱ्या फाटकावरी आला. मंग म्हने, भूक लागली."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पावसाळा लागला, धानाचे रोवणे संपले, आणि आमच्या गल्लीत भाजी विकायला येणारा एक जण पॉझिटिव्ह निघाला. सगळ्या गल्लीच्या नाकात काड्या घातल्या गेल्या. काकू आणि मी निगेटिव्ह. काकाजींना थोडा ताप होता, ते पॉझिटिव्ह. भंडाऱ्याला एका वसतिगृहात सेंटर केलं होतं, तिथे त्यांना नेलं. हातोडा नेऊ दिला नाही. गाडीत चढताना ते काकूंना म्हणाले, "पपईले पाहशील." काकू रडल्या नाहीत. गाडी गेल्यावर आत जाऊन त्यांनी सिलिंडर ठोकून पाहिलं. गल्लीच्या तोंडाला आडवे बांबू बांधले गेले.

सेंटरमध्ये काय घडलं ते मला दोघांकडून कळलं. थोडं काकाजींकडून, बरंचसं मोहाडीच्या एका विणकराकडून. या विणकराची खाट काकाजींच्या शेजारी होती. माणूस चाळिशीचा. कोशाच्या रेशमी साड्या विणणारं घर, मार्चपासून माग बंद. बायको दुसऱ्या सेंटरला. तो चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता, जेवणाचा डबा उघडत नव्हता.

काकाजी पहिल्याच पहाटे उठले आणि व्हरांड्यात चालू लागले. परत आले ते विणकराच्या खाटेपाशी उभे राहिले.

"पाय चालवता ना तुमी मागावर?"

त्यानं चादर डोक्यावर ओढली.

"दिवसभर पाय चालवनारा मानूस चार दिवस पाय लांब करून पडला, तं काय होईन? डोस्कंच चालन नुसतं. चला. मले इथचा व्हरांडा मालूम नाही, संगं पायजे कोनीतरी."

विणकर मला फोनवर म्हणाला, "म्हातारा सरळ खोटं बोलून राहिला होता जी. व्हरांड्यात मालूम करासारखं होतं तरी काय? पन गेलो."

दुसऱ्या दिवशी पाच जण झाले. चौथ्या दिवशी व्हरांड्यात जागा पुरेना. एक लाइन भिंतीकडून, एक कठड्याकडून, मध्ये अंतर राखून, तोंडाला मास्क. ज्यांना धाप लागत होती त्यांना काकाजी चालू देत नसत. त्यांना खाटेवरच बसून हात वर-खाली करायला लावत. नर्सबाई रोज बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजायची. तिनं तक्रार केली नाही. उलट म्हणाली, बरं आहे, जेवण तरी संपतंय सगळ्यांचं.

तक्रार झाली ती इनचार्जकडून. तरुण माणूस होता, वरून येणाऱ्या फोनांनी पिचलेला. आज वाटतं, तोही किती दिवस झोपला नसेल. पण त्या दिवशी तो ओरडला, "इथे पेशंट म्हणून आणलंय की फिरायला? सगळ्यांनी आपापल्या खाटेवर पडून राहायचं."

"पडून राहाले मी मेलो नाही," काकाजी म्हणाले.

"बाबा, माझ्यावर जबाबदारी आहे. कोणाला काही झालं तर?"

"झालं होतं, साहेब. हा मानूस चार दिवस जेवला नव्हता. कोनाच्या रजिस्टरात लिहून हाय थे?"

इनचार्ज निघून गेला आणि संध्याकाळी व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काकाजी हॉलमध्येच चालू लागले. चौदा खाटा, मधून गल्ली. विणकर मागे. मग बाकीचे. इनचार्ज कागद घेऊन आला: यापुढे नियम पाळीन, असं लिहून सही करा. काकाजींनी कागद घेतला, चष्मा लावला आणि त्यांच्या त्या ठाशीव अक्षरात लिहिलं:

"लाइन पाहिली. चौदा खाटा. सर्व ठीक. एक चाबी ढिली आहे, ती कुलपात अडकली आहे."

खाली सही.

इनचार्जनं तो कागद वाचला, पुन्हा वाचला. विणकर सांगतो, की त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला. उठून जाताना त्यानं शिपायाला हाक मारली आणि जाळीचं दार उघडून दिलं.  तो कागद मात्र त्यानं घडी करून खिशात घातला.

काकाजींना सोडलं त्या दिवशी सकाळीच विणकराचा काकूंना फोन आला. "अजी, अँब्युलन्स दुपारी होती. तुमचे मालक थांबले नाहीत. पायीच निघाले."

भंडाऱ्याहून वरठी म्हणजे त्यांच्या हिशेबानं काहीच नाही. पण ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि तापातून उठले होते. काकूंनी फोन लावला तर बंद.  "बाई, मले तं चालवत नाही..."

आमची गल्ली बंद ठेवायचे चौदा दिवस आदल्या दिवशीच संपले होते. बांबू काढायला अजून कोणी आलं नव्हतं. मी पायात चप्पल घातली, मास्क बांधला आणि बांबूखालून वाकून बाहेर पडले. मागून बाबू ओरडले, "अवो बाई, बाहेर जाता येत नाही!" मी वळून पाहिलं नाही. पाच महिन्यांत मी पहिल्यांदा रस्त्यावर पाय ठेवत होते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, हिरव्यागार. रस्ता रिकामा. मी भराभर चालत राहिले आणि पाऊण तासानं ते मला एका पुलियाच्या कठड्यावर बसलेले दिसले. शर्ट घामानं भिजलेला, बाजूला कपड्यांची पिशवी.

मला पाहून हसायचा प्रयत्न केला. "दम पुरून नाही राहिला, बाई. तुमी जा. मी येतो मांगून."

मी घाबरले. म्हटलं, "ऑटो बघते." ऑटो कुठला मिळायला त्या दिवसांत! तरी बोलले.

"ऑटो नोको. मी जातो म्हनून निघालो, तं जाईन."

"मग मी इथेच थांबते."

"काहून? काकू एकटी हाय."

"मग उठा. तुम्हाला बसवून मी एकटी परत जाणार नाही. पन्नास पावलं चालू, उभ्यानं दम घेऊ, पुन्हा पन्नास. जास्त त्रास वाटला तर तिथेच थांबू आणि मी कोणाचीही गाडी अडवीन. तेव्हा तुमचं ऐकणार नाही."

 त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

आम्हाला दोन तासांच्या वर लागले. मोटारसायकलवरून एक पोलीस आला. कुठे, कशाला, पास कुठेय, असं विचारू लागला. काकाजींना धाप लागली होती, बोलता येईना. मी सेंटरचा कागद दाखवला आणि म्हटलं, "बरे होऊन घरी चाललेत. चालून चाललेत. तुम्हाला काही लिहायचं असेल तर माझं नाव लिहा." मी आयुष्यात पोलिसाशी कधी असं बोलले नव्हते. त्यानं काकाजींकडे पाहिलं, पाण्याची बाटली काढून दिली आणि नाक्यापर्यंत मोटारसायकल हळूहळू आमच्या मागे ठेवली.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो. बांबू आडवे. पलीकडे काकू उभ्या, बाजूच्या घरांच्या खिडक्यांतून डोळे. मी वाकून आत गेले आणि म्हटलं, "या, काकाजी."

ते जागचे हलले नाहीत. कमरेवर हात ठेवून दम घेत होते.

"मी वाकून नाही येत," ते म्हणाले. "चोर नाही मी. बीमार होतो, बरा झालो. बांबू काढा."

"असा कसा काढता येईन?" बाबू खिडकीतून म्हणाले. "ग्रामपंचायतीचे लोक येतीन, मंग काढतीन."

"दिवस भरले का नाही भरले?"

"भरले."

"मंग?"

 काकाजी उन्हात उभे. मग काकू लंगडत पुढे आल्या आणि बांबूची दोरी सोडू लागल्या. गाठ पावसानं फुगली होती. मी दुसऱ्या टोकाला गेले. नखं दुखेपर्यंत ओढलं. तेवढ्यात बाबूंच्या घराचं दार उघडलं. पाच महिने गच्चीवरून खाली न उतरलेला तो माणूस तोंडाला रुमाल बांधून, हातात विळा घेऊन बाहेर आला, आणि त्यानं दोरी कापली.

काकाजी ताठ चालत आत आले. घरी पोचल्यावर काकूंनी त्यांना अंगणातच अंघोळ घातली आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं अर्धा तास त्यांना झापलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

ते बांबू न्यायला कोणी आलंच नाही. काकूंनी ते विहिरीपाशी रोवून दोडक्याचा वेल चढवला. त्या वर्षी दोडके इतके आले की गल्लीत घरोघर वाटले. बाबूंकडे तर मीच टोपली नेऊन दिली. काकाजींना दोडक्याची भाजी मुळीच आवडत नसे. रोज कुरकुरत, रोज खात.